जुन्या स्पोर्ट्स कारला स्पेसर लावताय? जाडी सगळ्यात शेवटी ठरवा

आमच्या पाचपाखाडीच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या मुलाकडे त्याच्या आजोबांची ट्रायम्फ स्पिटफायर आहे, १९६८ सालची. दिवाळीच्या सुट्टीत तो पार्किंगमध्ये मला गाठून म्हणाला, "काका, मागची चाकं फार आत गेल्यासारखी वाटतात. वीस मिमीचे स्पेसर मागवतोय. बसतील ना?"

मी विचारलं, "स्टडवर नट किती आटे बसतो, मोजलंस का?"

मोजलं नव्हतं. स्टड म्हणजे हबमधून, चाक ज्यावर बसतं त्या फिरणाऱ्या भागातून, बाहेर आलेला आटे पाडलेला दांडा; त्यावर नट चढवून चाक आवळतात. जुन्या गाडीच्या नादाला नव्यानं लागलेला जवळजवळ प्रत्येकजण असाच जाडीपासून सुरुवात करतो, कारण दुकानात स्पेसर जाडीवरच विकला जातो. खरं तर जाडी हा शेवटचा आकडा. त्याआधीची मोजमापं नीट झाली की जाडी आपोआप ठरते, आणि कित्येकदा ती शून्य निघते. माझ्याकडे एमजीबी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे आणि तिच्यावर मी हे सगळं करून बसलोय. त्याच क्रमानं इथे लिहितो.

आधी स्पेसर का हवा ते ठरवा

स्पेसर म्हणजे हब आणि रिम यांच्यामध्ये बसणारी धातूची चकती. ती चाकाला तिच्या जाडीएवढं बाहेर ढकलते. प्रत्येक बाजूला १० मिमी लावलं, तर दोन्ही चाकांमधलं अंतर २० मिमीनं वाढतं.

ती लावण्याची पटण्यासारखी कारणं थोडीच आहेत. रिम नंतर बदललेली असेल आणि टायर आतल्या बाजूला कमानीला, म्हणजे पाट्याच्या स्प्रिंगला, किंवा सस्पेन्शनच्या दांडीला घासत असेल. किंवा ब्रेकचा मोठा कॅलिपर बसवल्यानं रिमचे आरे त्याला लागत असतील. माझं कारण पहिलं होतं. आधीच्या मालकानं रुंद अलॉय रिम घातल्या होत्या आणि मागच्या टायरच्या आतल्या भिंतीवर कमानीनं एक चकचकीत गोल पट्टा घासून काढला होता.

"चाक आत गेल्यासारखं दिसतं" हे कारण मात्र आधी तपासून घ्या. त्या स्पिटफायरचंच बघा. तिच्या मागच्या बाजूला आडवी पाट्याची स्प्रिंग आणि स्विंग अ‍ॅक्सल, म्हणजे चाकासकट वरखाली झुलणारा अ‍ॅक्सल, आहे. पाटा बसला की गाडीचं बूड खाली येतं आणि चाकांचे माथे आत झुकतात. आम्ही गाडी सपाट फरशीवर उभी केली, मडगार्डच्या कडेपासून ओळंबा सोडला आणि रिमच्या वरच्या व खालच्या कडेपर्यंतचं अंतर मोजलं. वरची कडा खालच्यापेक्षा चांगली आत होती. चाक आत गेलेलं नव्हतं, तिरकं झालेलं होतं. अशा चाकाखाली वीसची चकती घातली तर ते तिरकंच राहून बाहेर येणार. त्याचं काम कमानवाल्याकडे होतं.

गाडीची चार मापं

कारण खरं निघालं की व्हर्नियर कॅलिपर हातात घ्या. इंटरनेटवरचा तक्ता बघायला हरकत नाही, पण पन्नास वर्षांत गाडीचे हब, स्टड, कधी अख्खा अ‍ॅक्सल बदललेला असू शकतो. आपल्या गाडीवर मोजलेलंच माप धरा.

पहिलं माप पीसीडी, म्हणजे स्टडच्या मध्यांमधून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास. एमजीबीला चार स्टड आणि ११४.३ मिमी. स्पिटफायरला चारच, पण ९५.२५. जुन्या पोर्श ९११ ला पाच आणि १३०. बीएमडब्ल्यू ई३० आणि पहिली माझदा एमएक्स-५ या दोघींना चार आणि १००. यावरून या दोघींचे स्पेसर एकमेकींना चालतील असं वाटतं, पण चालत नाहीत. कारण दुसरं माप, हबच्या मधल्या ओठाचा व्यास, वेगळं आहे: ई३० चा ५७.१ मिमी, एमएक्स-५ चा ५४.१.

हा मधला ओठ काय करतो ते समजून घ्या. बऱ्याच गाड्यांत रिमचं मधलं भोक हबच्या या ओठावर घट्ट बसतं आणि त्यामुळे चाक बरोबर मध्यावर येतं. अशा गाडीच्या स्पेसरचं भोक हबवर घट्ट बसायला हवंच, शिवाय स्पेसरला बाहेरच्या बाजूनं स्वतःचा तसाच ओठ हवा, नाहीतर रिम कशावर टेकणार? पाच मिमीची सपाट चकती इथेच फसवते. ती हबचा ओठ जवळजवळ गिळून टाकते आणि तिला स्वतःचा ओठ काढायला जाडी पुरत नाही. एमजीबीसारख्या जुन्या ब्रिटिश गाड्यांत बोल्टचं चाक नटाच्या शंकूनं मध्यावर येतं, म्हणून तिथे पातळ चकती त्या मानानं निभावते. आपली गाडी कुठल्या जातीची आहे ते चाक काढून बघा. हबवर तासलेला गुळगुळीत ओठ आणि रिमच्या भोकात त्याचा घासलेला ठसा दिसला तर ती पहिल्या जातीची.

तिसरं माप आट्यांचं. यूएनएफ म्हणजे इंची मापाचे बारीक आटे; एम१२ × १.५ म्हणजे १२ मिमी व्यास आणि दोन आट्यांमध्ये १.५ मिमी. एमजीबीला अर्धा इंच यूएनएफ, स्पिटफायरला ३/८ इंच यूएनएफ, एमएक्स-५ ला एम१२ × १.५, पोर्शला एम१४ × १.५. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी, त्यामुळे एम१२ चा नट त्याच्यावर चढत नाही. पण एखादा घाईतला मेकॅनिक तो मारून चढवायला बघतो आणि आटे खातो. चौथं म्हणजे नटाची बैठक. ६० अंशांचा शंकू, की पोर्शसारखी गोलाकार, की सपाट वॉशर? शंकूची बैठक असलेल्या रिमला गोल नट लावला तर तो फक्त एका कडेवर टेकतो आणि थोड्याच दिवसांत सैल होतो.

तारेच्या आऱ्यांची, मधल्या एकाच मोठ्या नटावर बसणारी चाकं असतील तर हा लेख इथेच सोडा. त्या चाकाच्या दातेरी हबला सपाट चकतीसाठी जागाच नसते.

ऑफसेट आणि कणकेचा गोळा

रिमच्या रुंदीच्या मध्यरेषेपासून हबवर टेकणारा पृष्ठभाग किती बाहेर आहे, तो ऑफसेट. रिमवर ईटी म्हणून छापलेला असतो, जुन्या रिमवर बहुधा दिसत नाही. मग असं मोजा. रिम पालथी ठेवा, आतल्या कडेवर आडवी सरळ पट्टी टेकवा आणि पट्टीपासून बैठकीच्या पृष्ठभागापर्यंत खोली मोजा. ती ११४ मिमी आली आणि रिमची कडेपासून कडेपर्यंतची एकूण रुंदी १७८ असेल, तर निम्मी ८९; ११४ वजा ८९ म्हणजे ऑफसेट अधिक २५. दहाचा स्पेसर लावला की तो १५ होतो. लक्षात ठेवा, सहा इंची रिमची कडेपासून कडेपर्यंतची रुंदी सहा इंच नसते, दोन्ही ओठ धरून साधारण एक इंच जास्त असते.

आता जागा. गाडी उभी असताना बाहेर किती जागा आहे हे बघून काही कळत नाही. गाडी खड्ड्यात बसल्यावर किती उरते ते बघायचं. मी स्वयंपाकघरातून घट्ट मळलेल्या कणकेचे चार गोळे आणतो. मडगार्डच्या आतल्या कडेला, जिथे टायर लागेल असा संशय आहे तिथे, प्लास्टिकच्या कागदावर चिकटवतो. मागच्या बाजूला दोन माणसं किंवा वाळूची पोती, आणि सोसायटीच्या गेटजवळच्या गतिरोधकावरून अगदी सावकाश दोनदा, एकदा सरळ आणि एकदा तिरकं. मग कणीक किती पातळ झाली ते मोजायचं. पुढच्या चाकांना हेच स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून करायचं. माझ्या गाडीत डावीकडे ११ मिमी उरली आणि उजवीकडे १६. जुन्या गाडीत अ‍ॅक्सल बरोबर मध्यावर असेल असं गृहीत धरू नका. दोन्ही बाजू मोजा आणि कमी आकडा धरा. शिवाय पाट्याच्या स्प्रिंगचा अ‍ॅक्सल वळणावर आडवा सरकतो, त्याला थोडी जागा ठेवा.

आतल्या बाजूला मला टायर आणि कमान यांच्यात किमान पाच मिमी हवे होते. बाहेरच्या बाजूला ११ होते. म्हणून माझा आकडा पाच ठरला. दहा नाही, वीस नाही.

आटे मोजा

सगळ्या लेखातलं एकच काम करणार असाल तर हे करा.

नटानं चाक धरून ठेवायला त्याचे आटे स्टडवर किमान स्टडच्या व्यासाएवढ्या लांबीत अडकायला हवेत. एम१२ × १.५ ला १२ मिमी, म्हणजे आठ फेरे. एम१४ × १.५ ला साडेनऊच्या आसपास. अर्ध्या इंचाच्या यूएनएफला इंचाला वीस आटे, म्हणून दहा फेरे. ३/८ ला इंचाला चोवीस, म्हणून नऊ.

चाक जागेवर टेकवा, तीन नट हातानं बसवा. चौथा नट बोटांनी चढवा. आटा पकडला त्या क्षणापासून नटावर खडूची खूण बघत फेरे मोजा, तो घट्ट टेकेपर्यंत. माझ्या अलॉय रिमची बैठक मूळ लोखंडी रिमपेक्षा जाड आहे, त्यामुळे स्पेसरशिवायच अकरा फेरे बसत होते. पाच मिमीची चकती म्हणजे जवळजवळ चार फेरे गेले. राहिले सात. बाहेरून काही फरक दिसत नव्हता, नट घट्ट होता, टोपीचा नट असल्यानं स्टड किती आत आहे तेही दिसत नव्हतं. पण सात फेऱ्यांवर ती गाडी रस्त्यावर काढणं म्हणजे चाक देवाच्या भरवशावर सोडणं झालं असतं.

मग लांब स्टड घ्यावे लागले. स्टडच्या मुळाशी जी खरबरीत दातेरी पट्टी असते, तिचा व्यास आणि लांबी जुन्या स्टडशी तंतोतंत जुळायला हवी. नाहीतर स्टड हबमध्ये फिरतो आणि नट ना घट्ट होतो ना निघतो. ते हायड्रॉलिक प्रेसवर बसवून घ्या. हातोड्यानं ठोकून किंवा नट आवळून स्टड आत ओढण्याचा प्रकार करू देऊ नका.

ज्या गाड्यांना स्टड नसून बोल्ट असतात, ई३० सारख्या, त्यांना स्पेसरच्या जाडीएवढेच लांब बोल्ट हवेत. आखूड तर नकोतच, जास्त लांबही नकोत. जास्त लांब बोल्ट हबच्या मागे बाहेर येऊन ब्रेकच्या भागांना लागतो. बोल्ट लावल्यावर चाक हातानं पूर्ण फिरवून बघा.

कुठल्या प्रकारचा, कुठल्या धातूचा

प्रकार दोन. एक नुसती चकती, स्टडवर सरकवायची. दुसरा बोल्टनं हबला आवळायचा आणि त्याच्याच स्वतःच्या स्टडवर चाक बसवायचं. दुसऱ्या प्रकारात आट्यांचा प्रश्न मिटतो, पण जाडी लागते. हबचे मूळ स्टड स्पेसरच्या बाहेर डोकावले तर रिमच्या पाठीला तेवढे खोलगट खळगे हवेत. बऱ्याच जुन्या रिमना ते नसतात, आणि मग लोक मूळ स्टड कापतात. मी कापणार नाही. कापलेला स्टड परत वाढत नाही आणि पुढे मूळ चाकं लावायची झाली तर काय करणार?

धातू ६०६१-टी६ किंवा ७०७५-टी६ अ‍ॅल्युमिनियम, अखंड ठोकळ्यातून तासलेला. ओतीव नको. एकावर एक वॉशर रचलेले तर अजिबात नकोत, आणि दोन चकत्या एकत्रही नकोत.

वागळे इस्टेटमध्ये किंवा तुर्भे-रबाळेच्या एमआयडीसीत चांगल्या सीएनसी मशीनवर हे काम होऊ शकतं. पण माझी पहिली जोडी फसली, ती का फसली ते सांगतो. एका वर्कशॉपमध्ये मी जुनी चकती दाखवून "अशीच, पाच मिमी" एवढंच सांगितलं. लावली आणि घोडबंदर रोडवर सत्तरच्या पुढे सीट थरथरायला लागली. बॅलन्सिंग दोनदा केलं, थरथर गेली नाही. शेवटी चकती काढून मायक्रोमीटरनं चारही बाजूंना मोजली. एका कडेला ४.९, समोरच्या कडेला ५.२. दीडशे मिमीच्या चकतीवर ०.३ चा तिरकेपणा टायरच्या सहाशे मिमीवर १.२ मिमीचा डगडगाट होतो. दुसऱ्या वेळी मी कागदावर आकृती काढून दिली: दोन्ही पृष्ठभाग समांतर, फरक ०.०५ च्या आत, पीसीडी, मधलं भोक, स्टडच्या भोकांचा व्यास, सगळं लिहून. काम हातात घेताना त्यांच्याच टेबलावर मोजून घेतलं. तुम्हीही तसंच करा. चांगल्या कारागिराला त्याचं वाईट वाटत नाही.

गाडीच्या हाडांवर पडणारा भार

स्पेसर फुकट नसतो. चाक बाहेर गेलं की बेअरिंगवरचा भार तिरका पडतो आणि ते लवकर झिजतं. पुढच्या चाकांना तर स्टिअरिंगचा अक्ष जिथे जमिनीला भेटतो तिथून टायर दूर जातो, म्हणून स्टिअरिंग जड होतं आणि एका बाजूच्या खड्ड्याचा झटका सरळ हातात येतो. घोडबंदर रोडच्या पावसाळ्यातल्या खड्ड्यांवर हे पहिल्याच दिवशी कळतं. म्हणून पुढे मी शक्यतो स्पेसर लावत नाही.

स्पिटफायरच्या बाबतीत मी आणखी कडक आहे. तिचा सांगाडा ट्रायम्फ हेराल्डवर बेतलेला. तीच हेराल्ड आपल्याकडे मद्रासला स्टँडर्ड कंपनीनं बनवली. मूळ गाडी हलकी, चाकं बारीक, स्टड ३/८ इंचाचे आणि पुढचा स्टब अ‍ॅक्सल त्याच हिशेबाचा. त्यावर रुंद टायर आणि वर वीसची चकती म्हणजे साठ वर्षांपूर्वी ज्या भारासाठी तो भाग घडवला त्याच्या पुढे जाणं. मी त्या मुलाला सरळ नको म्हणून सांगितलं.

बसवताना

हबचा पृष्ठभाग तारेच्या ब्रशनं चमकेपर्यंत साफ करा. गंजाचा एक पापुद्रा किंवा रंगाचा थर राहिला की नट आवळल्यावर तो हळूहळू दबतो आणि आवळ सैल पडतो. म्हणून स्पेसरला रंग नको, पावडर कोटिंगही नको.

नट आधी हातानं, मग आडव्यातिडव्या क्रमानं, मग टॉर्क रेंच. एमजीबीला ६० ते ६५ फूट-पाउंड, म्हणजे साधारण ८१ ते ८८ न्यूटन-मीटर. पोर्शला १३० न्यूटन-मीटर. आपल्या गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमधला आकडा घ्या. आट्यांना तेल लावू नका. हे आकडे कोरड्या आट्यांचे असतात आणि तेलानं तोच टॉर्क स्टडला जास्त ताणतो. टायरवाल्याला हवेची गन लावू देऊ नका, रेंच आपला न्या.

पहिली चाचणी रविवारी सकाळी सहाला. ठाण्यात उपवनच्या बाजूला चाळीसच्या आत, खिडक्या उघड्या ठेवून, घासण्याचा आवाज ऐकत. नवी मुंबईकरांना पाम बीच मार्ग सरळ आहे, थरथर तिथे लगेच कळते. गायमुखचा घाट पहिल्या दिवशी नको, तिथे अवजड गाड्यांमध्ये अडकलात तर थांबून बघायलाही जागा मिळत नाही. पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर सगळे नट परत रेंचनं तपासा. बोल्टचा स्पेसर असेल तर चाक काढून आतले नटही. आतले नट विसरणारे खूप जण मी पाहिलेत.

कागदपत्रं

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणीतले तपशील कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळे होतील असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठाम केलं. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपातली गाडी २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंदवायची असेल, व्हीए मालिकेचा क्रमांक घ्यायचा असेल, तर चेसिस, बॉडी आणि इंजिन मूळचं असावं लागतं. त्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये आहे, आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही. म्हणून स्पेसर असा निवडा की तो काढला की गाडी जशीच्या तशी. मूळ स्टड आणि नट फेकू नका, डब्यात नाव लिहून ठेवा. विमा कंपनीला बदल लेखी कळवा, आणि शंका असेल तर ठाणे किंवा वाशीच्या आरटीओत आधी विचारा.

पावसाळ्यानंतर

इथल्या खाडीच्या खारट दमट हवेत लोखंडी हब आणि अ‍ॅल्युमिनियमची चकती एकमेकांना चिकटतात. पांढरी भुकटी जमते, मग चकती हातोडीनंही निघत नाही. हबच्या ओठावर, आट्यांपासून लांब, तांब्याच्या ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा. मी वर्षातून दोनदा चाकं काढतो, एकदा मेअखेर आणि एकदा दसऱ्याच्या आदल्या दिवशी. पाऊस संपलेला असतो आणि गाडी पूजेसाठी धुवायचीच असते. चकती काढून दोन्ही बाजू पुसतो, स्टडच्या भोकांभोवती तडा दिसतो का ते भिंगातून बघतो, मायक्रोमीटरनं चार ठिकाणी मोजतो, आणि एक नट बोटांनी चढवून फेरे मोजतो. लांब स्टड आल्यापासून बारा बसतात. गेल्या दसऱ्याला तो मुलगा शेजारी बसून मोजत होता. स्पिटफायरचा पाटा बदलून झालाय आणि मागची चाकं सरळ उभी आहेत.